खाजाच्या शेजारची खाट

"ट्युबर्क्युलोसिस," परभणीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. माझा कोरा चेहरा पाहून त्यांनी उलगडून सांगितलं, "क्षय. थुंकीत जंतू सापडलेत." आणि लगेच विचारलं, "मास्तर, किती दिवस असे खोकत पोरांत वावरताय?"

हैदराबादच्या कॉलेजात मी फुटबॉल संघात सेंटर फॉरवर्ड, म्हणजे आघाडीचा खेळाडू होतो. माझ्या दमसासाचा मला भारी अभिमान. पुढे परभणीच्या सरकारी शाळेत ड्रिल मास्तर झालो, पोरांचा फुटबॉलचा संघ उभा केला. जिंतूरशी सामना तोंडावर होता, म्हणून संध्याकाळचा ताप, खोकला, सैल झालेले कपडे, सगळं अंगावर काढलं.

डॉक्टरांनी सगळा संघ तपासायला बोलावला. मी व्हरांड्यात लांबच्या बाकावर बसलो. एकेक पोरगं हसत बाहेर येत होतं. आमचा कप्तान खाजा मात्र बराच वेळ आलाच नाही.

त्याला प्लुरसी होती. म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन आत पाणी साचतं. तीही क्षयाचीच.

"तुमच्याकडूनच लागला असं छातीठोक सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. माझी मात्र खात्री झाली होती.

त्या काळी, निजामाच्या राजवटीत, यावर गोळ्या नव्हत्या. मोकळी हवा, दूध, अंडी आणि महिनोन्‌महिने पडून राहणं, एवढाच उपचार. वॉर्डात आमच्या खाटा शेजारी लागल्या. खाजाची आई आली की मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचो. एका दुपारी ती माझ्याच खाटेशी येऊन उभी राहिली.

"मास्तर, पोरगं माझं ऐकत न्हाई. मैदानावर जायचं म्हणायलंय. तुमी सांगा त्याला."

ज्याला पळायला शिकवलं, त्याला आता पडून राहायला शिकवायचं होतं. मी उठलो की तोही उठे. म्हणून मी उठणंच सोडलं.

खाजा माझ्याआधी बरा झाला. खेळायला मात्र कायमची मनाई. निघताना तो जवळ आला. मी माफी मागू लागलो, तशी खोकल्याची उबळ आली.

"लय बोलू नका, मास्तर," तो पांघरूण सारखं करत म्हणाला. "आधी बरे व्हा."

मीही बरा झालो. डॉक्टरांचे उपकार, आणि मला पडून राहायला लावणाऱ्या खाजाच्या आईचेही. कुणाचा खोकला हटत नसेल, तर डॉक्टर गाठा. स्वतःसाठी नाही, तर शेजारी उभं राहणाऱ्यासाठी.

मैदानावर परतलो, त्या दिवशी खाजाची जागा नव्या पोराला दिली. खाजा रेषेबाहेरून त्याला ओरडून शिकवत होता. मला खाजाकडे बघवलं नाही.