उरलेली अर्धी प्रार्थना

बायकोच्या रोजरीच्या, म्हणजे आमच्या ख्रिस्ती जपमाळेच्या, मण्यांना अजून तिच्या हातच्या खोबरेल तेलाचा वास येतो, आणि तो आला की सोलापुरातल्या दवाखान्यातली एक दुपार आठवते. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटाचं ऑपरेशन होतं. वरचा पत्रा तापलेला, पंखा नुसताच घरघरत होता. आम्ही रोजरी म्हणायला बसलो. प्रत्येक मण्याला मरियामातेची 'नमो मरिये' ही प्रार्थना; अर्धी ती म्हणायची, उरलेली मी. लग्नापासून असंच. पण मी रातपाळी करून आलेलो. दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीवर तिच्या कॉटला डोकं टेकलं आणि गाढ झोपलो. जागा झालो तेव्हा ऊन उतरलं होतं. म्हटलं, "वाटोळं केलं की मी! उद्या काय वाईट झालं म्हंजे?" ती हसली. "अवं, तुमच्या वाटणीची बी मीच म्हटली. घोरत हुता, ते आमेन म्हणून धरलं." ऑपरेशन नीट झालं, पुढं लई वर्षं ती माझ्यासंगं राहिली. आता ती न्हाय. दोन्ही अर्ध्या मीच म्हणतो. मधेच डोळा लागला तर घाबरत न्हाय. उरलेली ती म्हणत असंल.