आडवा हात

सई आणि निहार,

ताटावर आडवा धरलेला हात तुम्ही कधी नीट पाहिला आहे का? तुमच्याकडे ज्याने त्याने आपापलं वाढून घ्यायचं असतं, त्यामुळे बहुधा नसेल पाहिला. इथे वाढणारा ऐकत नाही. "बास" म्हटलं की त्याला "लाजतोय" असं ऐकू येतं. मग बोटं जुळवून पंजा ताटावर धरावा लागतो. बहुतेकांचा हात नुसता धरल्यासारखा असतो आणि जिलबी आली की आपोआप बाजूला होतो. मी पाहिलेला सगळ्यात ठाम हात आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बाईंचा होता. त्यांच्याबद्दल तुम्हाला आजवर काही सांगितलं नाही, कारण तो विषय निघाला की माझा आवाज बदलतो आणि मला ते आवडत नाही.

पण परवा व्हिडिओ कॉलवर सई म्हणाली, "आजी, मी आणि माझी मैत्रीण सेम डबा खातो. ती बारीक झाली, मी नाही. म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय." निहार हसला. मी हसले नाही. हेच वाक्य मी स्वतःशी कितीतरी वेळा म्हटलेलं आहे. म्हणून आज जेवणं उरकून, ओटा पुसून, लिहायला बसले आहे.

मी त्यांना आक्का म्हणायचे. वयाने त्या माझ्याहून लहान होत्या, पण त्यांना सगळेच आक्का म्हणत. मूळच्या चाकणकडच्या. आज जिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथे त्यांचा कांदा व्हायचा. जमीन कारखान्यांकडे गेली, मुलांनी उरलेल्या तुकड्यावर शेड बांधल्या, कामगारांच्या बस चालवायला घेतल्या आणि आईला इथे प्राधिकरणाच्या वसाहतीत बंगला बांधून दिला. बंगल्यात झाडायला एक बाई, स्वयंपाकाला दुसरी.

"शेत गेलं तवा आंग आलं, म्याडम," त्या म्हणायच्या. "वाकायला काय ऱ्हायलंच न्हाई. मग मानूस पसरतंच."

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे म्हणून मी म्याडम. निवृत्त झाल्यावरही म्याडमच.

आमची ओळख सेक्टरच्या बागेत झाली, ती गुडघ्यांवरून. माझे गुडघे कुरकुरत होते आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की वजन उतरवा, नाहीतर पुढे-मागे सांधे बदलावे लागतील. मला त्या शस्त्रक्रियेची मनापासून भीती वाटत होती. आक्कांचं वजन माझ्याहून बरंच जास्त. एक फेरी मारून आम्ही दोघी बाकावर बसायचो आणि समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कंपनीच्या बस बघायचो. त्यातली एखादी त्यांच्या मुलाची असली की त्या नुसती मान हलवायच्या. माझ्या आयुष्यात इतकी निवांत मैत्री मला उतारवयात मिळेल असं वाटलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत मैत्रिणी होत्या, पण तिथे जी ती दुसरीचं वाक्य दुरुस्त करायला टपलेली.

मग एका पावसाळ्यात त्या नाशिकला लेकीकडे जाऊन आल्या. बरेच दिवस राहिल्या. परत आल्या तेव्हा गाल बसले होते, ब्लाउज खांद्यावरून घसरत होता. डोक्यावरचा पदर आता जरा पुढे, विरळ झालेल्या केसांवर ओढलेला असे. बागेतल्या सगळ्या बायका त्यांच्याभोवती जमल्या. काय केलं, कुठला डॉक्टर, कुठलं औषध?

"औषीद कशाचं? हात आडवा धराया शिकले," आक्का म्हणाल्या आणि हवेत ताट असल्यासारखा पंजा धरून दाखवला.

त्या दिवसापासून बाकाची शाळा झाली आणि मी पहिल्यांदाच विद्यार्थ्यांत बसले. त्या सांगायच्या ते सगळं साधं होतं. ताट लहान घ्या. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा मोडू नका. चहातली साखर एकदम सोडू नका, चिमटीचिमटीने कमी करा, जिभेला कळू देऊ नका. दिवेलागणीला जेवून घ्या. फोन आला की उठा आणि अंगणात फिरत बोला. रिक्षा दारात आणू नका, कोपऱ्यावर उतरा. आपल्या उंबऱ्यापुढचा केर आपण काढा. टीव्हीपुढे ताट घेऊन बसू नका, कारण "डोळं तिकडं गेलं की हात मोकाट सुटतो."

त्या स्वतःही तसंच करायच्या. बागेत कुणी खरवस आणला तरी नखाएवढा तुकडा घेऊन किती वेळ चघळत बसायच्या. पाण्याची लहानशी बाटली जवळ असे, तिच्यातून चिमणीसारखे घोट. जेवताना पाणी अजिबात नाही. मला वाटायचं, किती हा संयम.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून आम्हा सगळ्यांना स्टीलची एकेक लहान ताटली दिली. आपल्याकडे वाणात प्लास्टिकचे डबे, गाळण्या, कंगवे असलं काहीबाही लुटतात. ताटली बघून त्यांची जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "आगं, ही ताटली हाय का बशी? ह्यात आमच्या घरचं मांजर बी जेवायचं न्हाई."

"मांजराला म्हनूनच जिना चढता येतो," आक्का म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. मी ती ताटली घरी आणून घासून फळीवर ठेवली आणि त्याच संध्याकाळी तिच्यात जेवले. तुमच्या आजोबांनी तिचं नाव बाहुलीचं ताट ठेवलं.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. एखादी गोष्ट ठरवली की मी ती करते. साखर गेली, दुपारची दुसरी पोळी गेली, दिवेलागणीला जेवण सुरू झालं. वजन थोडं उतरलं. मग थांबलं. आक्कांचं मात्र उतरतच होतं. दर महिन्याला त्यांचा शिंपी ब्लाउज आत घ्यायचा आणि मी वजनकाट्यावर उभी राहून आकड्याकडे बघत राहायचे. तीच बाग, तेच ताट, तोच हात.

"आक्का, माझं का होत नाही?" मी विचारलं.

"मन घट्ट करा, म्याडम. मन सैल पडलं की आंग सैल पडतं."

मन घट्ट करणं मला येतं. मी सकाळचा नाश्ता सोडला. मग रात्रीचं जेवण ताकावर आणलं. मग ताकही नको वाटू लागलं. आजोबा कुरकुरले तर मी म्हणायचे, त्या शाळा न शिकलेल्या बाईला जमतं आणि मला जमू नये? आता ते वाक्य आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

व्हायचं ते झालं. बागेच्या वळणावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पडले. शुद्धीवर आले तेव्हा माझं डोकं आक्कांच्या मांडीवर होतं आणि त्या आपल्या पदराने माझा घाम पुसत होत्या. दवाखान्यात डॉक्टर मला शाळेतल्या मुलीसारखं रागावले. तुम्हाला कमी खायला सांगितलं होतं, उपाशी राहायला नाही, अशाने सांधे सोडा, हाडंही जातील.

त्यानंतर आक्का रोज घरी यायच्या. मुगाचं कढण करून आणायच्या, मी संपवेपर्यंत समोर बसून राहायच्या. मी त्यांना म्हटलं, "चूक माझीच. मी घाई केली. तुमच्याकडे बघितलं की वाटतं, आपणच कमी पडलो."

त्यांनी वाटी उचलली, आत जाऊन स्वतः विसळली आणि परत आल्या. "तसं न्हाई वो," एवढंच म्हणाल्या. पुढे काहीतरी येणार असं मला वाटलं, मी वाट पाहिली. पण त्यांनी चपला घातल्या.

उन्हाळ्यात त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं, चाकणच्या पुढे, एका मोठ्या मंगल कार्यालयात. मला आग्रहाने नेलं. बागेतली मी एकटीच. आता सगळीकडे बुफे असतो, पण या घरांमध्ये अजून मानाची पंगत बसते आणि घरचे कर्ते पुरुष स्वतः आग्रहाला फिरतात. मी आक्कांच्या शेजारी, त्यांच्या पलीकडे त्यांची जाऊ. मसालेभात झाला, मठ्ठा झाला, आणि जिलब्यांचं ताट घेऊन नव्या सोयऱ्यांकडचा एक तरुण पाव्हणा आला. आक्कांनी हात आडवा धरला. तो हटेना. "काकी, एक तर घ्याच, पोराचं लगीन हाय." आक्कांचा हात हलेना. पाव्हण्याने त्यांच्या बोटांवरच जिलबी टेकवली.

तेव्हा जाऊ त्याला ओरडली, "आरं, नको आग्रह करू तिला. नाशकाला पोट कापून बारकं करून आलीया ती. तिला घासाच्या वर जात न्हाई. जादा झालं की वकती."

पाव्हणा ओशाळला आणि पुढे सरकला. पंगतीतलं कुणीही चमकलं नाही. म्हणजे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मला तेवढं माहीत नव्हतं.

आक्कांचा हात ताटावर तसाच होता, बोटांवर जिलबीचा पाक घेऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी माझ्या ताटात वाढलेलं सगळं संपवलं. कशाचीही चव लागली नाही, पण संपवलं.

जेवणं झाल्यावर आम्ही फाटकाशी उभ्या होतो. त्यांचा मुलगा गाडी काढायला गेला होता. आतून सनईची रेकॉर्ड ऐकू येत होती. मी विचारलं, "बाकीच्यांना नाही सांगितलं, ते मी समजू शकते. मला का नाही?"

"लोकं म्हनली असती, जमिनी इकल्या आन् पोटं कापून घेत्यात."

"मी लोक आहे का, आक्का?"

हात धुऊनही पाकाने चिकट राहिलेली बोटं त्यांनी रुमालाने पुसली. मग म्हणाल्या, "म्याडम, मला जल्मात कुनी काय इचारलं न्हाई. सासऱ्यानं न्हाई, नवऱ्यानं न्हाई, जमीन गेली तवा पोरांनी बी न्हाई. आन् तुमी सगळ्या शिकल्याल्या बाया माज्या बाकापाशी येऊन इचारायच्या, आक्का, काय करू? मला ते सोडवंना."

"आणि मी पडले तेव्हा?"

"तवा सांगनारच व्हते. कढन घेऊन यायची ती तेच सांगाया यायची. पर तुमी म्हनलात, आपनच कमी पडलो. मग कुठल्या तोंडानं सांगू?"

गाडी आली. मी पुढे, मुलाशेजारी बसले. मोशीच्या सिग्नलला खूप वेळ अडकलो.

मला त्यांचं म्हणणं कळलं, आजही कळतं. पण, मुलांनो, कळणं आणि दुखणं थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशन करून घेणं यात लाजण्यासारखं काही नव्हतं. त्यांना गरज होती आणि त्यांनी ते धीराने केलं. मी तर सांधे बदलायच्या भीतीनेच अर्धी झाले होते. त्यांनी मला ते सांगितलं असतं तर मी त्यांचा हात धरून शिकले असते, वेगळं काहीतरी, ऑपरेशनला न भिणं. त्याऐवजी मी स्वतःला नालायक समजत राहिले, आणि ज्या बाईमुळे समजत राहिले ती माझ्यासमोर बसून मला मुगाचं कढण पाजत होती. मला भूक आवरताना रोज झगडावं लागत होतं. त्यांचा हात त्यांच्या पोटातल्या नव्या मापाने धरलेला होता. त्यांनी मला तो मनाच्या निग्रहाचा म्हणून दाखवला.

पुढे आम्ही बागेत यायचो, पण एकत्र नाही. त्या एका बाजूने चालायच्या, मी उलट्या बाजूने. त्यामुळे प्रत्येक फेरीत आम्ही समोरासमोर यायचोच. त्या पंजा किंचित वर उचलायच्या. मी मान हलवायचे. बाकावर आता कुणीच शिकवत नव्हतं. मी कुणाला काही बोलले नाही, पण बायकांना वास येतोच.

मग त्यांच्या धाकट्या मुलाने चाकणकडे, जुन्या शेताच्या जवळ घर बांधलं आणि त्या तिकडे राहायला गेल्या. जाण्याआधी घरी आल्या होत्या. मी बाहेर गेले होते, म्हणजे आजोबांनी तसं सांगितलं, कारण मी आतल्या खोलीत होते आणि उठले नाही. त्या पायरीवर थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसली. गेटची कडी त्यांनी आठवणीने लावली.

डॉक्टरांच्या सल्ल्याने मी हळूहळू पुन्हा सुरू केलं. नाश्ता पोटभर, दुपारी वरण, भाजी, पोळी, रात्री थोडं आणि लवकर. फोन आला की गच्चीवर फेऱ्या. रिक्षा कोपऱ्यावर. अंगणातला केर मी काढते. वजन इतकं सावकाश उतरलं की कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि सांधे अजून माझे स्वतःचे आहेत. यातली एकही गोष्ट मला डॉक्टरांनी नव्याने सांगितली नाही. सगळ्या त्या बाकावर आधी ऐकलेल्या होत्या. हे मला कबूल करायला जड जातं, म्हणून लिहून टाकते.

सई, तुझ्या मैत्रिणीच्या पोटात काय आहे ते तुला माहीत नाही. तिचं ताट बघून स्वतःला मापू नकोस. भूक लागली की जेव.

आक्का बागेत नाहीत, त्यांच्या बंगल्यात एक बँकेतलं कुटुंब राहतं. संक्रांतीची ती ताटली अजून माझ्याकडे आहे, कडेला थोडी वाकली आहे, आणि मी रोज तिच्यातच जेवते.