आज कंबर पाचगावपर्यंत

"किती दुखतंय?" असं विचारलं की ड्रायव्हरकाका गावाचं नाव सांगायचे. शून्य ते दहा यातला एक आकडा सांगा, असं मी कागद पुढे धरून म्हणायचे. ते खिडकीबाहेर बघत, समोर रस्ता असल्यासारखे डोळे बारीक करून म्हणायचे, "आज कमर पाचगावपर्यंत जाते. त्याच्या पुढं नाई जात." एखाद्या गुरुवारी, "आज दिघोरी नाक्यावरच ब्रेकडाऊन." माझा पेन तसाच हवेत. मग "बरं, लिव तुहा आकडा," म्हणून स्वतःच एक आकडा सांगायचे.

मी तेव्हा मानसशास्त्रात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वर्षानुवर्षं न जाणाऱ्या कंबरदुखीवर मानसशास्त्रीय उपचारांचा काय परिणाम होतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. आमच्या मॅडम नागपूरच्या एका दवाखान्यात दर गुरुवारी अशा रुग्णांचा गट घ्यायच्या. आठ आठवड्यांचा कार्यक्रम असे. गट सुरू होण्याआधी प्रत्येकाकडून फॉर्म भरून घेणं, एवढंच माझं काम. मी कुहीच्या पुढच्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे छापील कागदाची मला भीती वाटायची आणि विश्वासही वाटायचा. छापलं आहे म्हणजे त्यात चूक नसणार, असं मला खरंच वाटायचं.

काकांनी तीस वर्षं एस.टी.ची लाल गाडी चालवली होती, त्यातली बरीचशी नागपूर-कुही लाइनवर. नागपूरहून निघालं की आधी दिघोरी, मग विहीरगाव, मग पाचगाव. कमरेचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली होती. तपासण्या ठीक येत होत्या, पण दुखणं जात नव्हतं. मुलगा म्हणायचा, "बाबा, रिपोर्ट नॉर्मल आहे. दुखणं तुमच्या डोक्यात आहे." म्हणूनच पहिल्या दिवशी काका दारातच अडले. मानसशास्त्र विभागाची पाटी वाचून मला म्हणाले, "काहून वं पोरी, हा पागलायचा विभाग होय काय? म्हन्जे माही कमर खोटी?"

मॅडम आतून आल्या आणि म्हणाल्या, "काका, समोर कुणी नसताना हॉर्न अडकून वाजतच राहिला, तर तो आवाज खोटा असतो का?"

काका म्हणाले, "आवाज खरा राह्यते. वायर पाहा लागते."

"आपण इथे वायरच बघणार आहोत," मॅडम म्हणाल्या. काका आत आले. पुस्तकातली तीन प्रकरणं वाचून मला जे नीट कळलं नव्हतं, ते मला त्या दारात कळलं.

ते खुर्चीवर बसायचे नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. डावा पाय मधूनच जमिनीपासून थोडा उचलायचा आणि हळूच खाली यायचा. क्लच दाबण्याची सवय. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी पायाला ते कळलं नव्हतं. खिशात फुटाण्यांची पुडी असायची. मला पाहिलं की पहिला प्रश्न, "जेवली काय? का नुसती कागदच खाऊन राह्यली?"

मॅडम शिकवायच्या ती प्रत्येक गोष्ट ते आपल्या भाषेत वळवून घ्यायचे. सावकाश श्वास घेऊन अंग सैल सोडायचं, याला त्यांनी 'न्यूट्रल' नाव दिलं. पुढे सगळा गट तेच म्हणू लागला. त्यांचं खरं अडत होतं ते वेगळीकडे. बरं वाटलं त्या दिवशी ते पाण्याची टाकी धुवायचे, गच्ची झाडायचे, आणि मग तीन दिवस पलंगावर. मॅडमनी सांगितलं, दुखायला लागायच्या आधी थांबायचं. दहा मिनिटं चालायचं ठरलं तर बरं वाटत असलं तरी दहा मिनिटांनी बसायचं, आणि दुखत असलं तरी थोडं चालायचंच. काका खूष झाले. "हे त टाइमटेबल होय! पॅसेंजर असो नसो, गाडी सुटली पाह्यजे." त्या दिवसापासून शर्टाच्या खिशात फुटाण्यांबरोबर एक घडी घातलेला कागद आला.

एक गोष्ट मात्र ते करायला तयार नव्हते. चार वर्षांत ते बसमध्ये चढले नव्हते. दवाखान्यात यायचे ते सक्करद्याच्या घरून पायी, थांबत थांबत. मी एकदा विचारलं, तर नजर चुकवून म्हणाले, "एक खड्डा लागला, का मी पलंगावर. मले मालूम हाय ना रस्ता."

आकडे मात्र सुंदर उतरत होते. सात, सहा, पाच, चार. सातव्या आठवड्यात तीन. मी प्रत्येक वेळी हसून मान डोलवायचे. मनातल्या मनात मी प्रबंधातला आलेख काढत होते. मॅडमनी सांगितलं होतं की ज्यांचे आकडे फारसे उतरणार नाहीत त्यांना पुढच्या तुकडीत घ्यायचं. तिथे जागा थोड्या होत्या. काकांचा आकडा तीन, म्हणजे त्यांचं इथेच संपत होतं.

फॉर्ममधले आकडे संगणकात भरायला बसले त्या दुपारची गोष्ट. प्रत्येक फॉर्मच्या कडेला माझ्याच अक्षरात पेन्सिलने गावांची नावं होती. फॉर्मला त्यांची गरज नव्हती. पण मोठं माणूस बोलतंय आणि आपण ते सोडून द्यायचं, हे आमच्या घरात चालत नाही. म्हणून मी लिहीत गेले होते. आता ती ओळीने वाचली. पाचगाव. पाचगाव. विहीरगाव. दिघोरी. विहीरगाव. दिघोरी. दिघोरी.

आकडा सातावरून तीनवर आला होता आणि गाडी उलटी नागपूरकडे येत होती.

इथे मला लाज वाटेल असं एक लिहायचं आहे. मी दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. कडेला लिहिलेलं काही फॉर्मचा भाग नव्हतं. ते खोडलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते, आणि नापास होऊन घरी कसं सांगायचं, हे मला माहीत नव्हतं. घरी प्रबंध म्हणजे काय हेही मी नीट सांगू शकले नव्हते.

गुरुवारी फॉर्म पुढे न करता मी विचारलं, "काका, तीन खरं आहे का?"

ते फुटाणे सोलत होते. म्हणाले, "तुहं तोंडच सांगे ना. सात म्हटलं का तोंड उतरे, पाच म्हटलं का खुलून जाये. मले वाटलं, आकडा कमी पडला का तू पास होशीन." मग जरा ओशाळून, "कुहीच्या लाइनची पोरगी तू. तुह्यासारख्या पोरी माह्या गाडीत दप्तर घेऊन उभ्या उभ्या गेल्या हायेत शाळेत. आता माह्या कमरेपायी एखादी नापास करू काय?"

"आणि तुमचं दुखणं?"

"ते त हायेच. ते कुठं जाते?"

मी मॅडमकडे गेले. काका काय म्हणाले ते सांगून फॉर्म पुढे ठेवले. त्यांनी सगळ्या कडा सावकाश वाचल्या. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यांचे आकडे बाद. बाकी सगळ्यांचे शेवटचे फॉर्म दुसऱ्या कुणाकडून भरून घे. आणि तुझ्या चेहऱ्याने काय केलं, तेही प्रबंधात लिही. संशोधनच आहे ते." नंतर पेन उघडून पुढच्या तुकडीच्या यादीत त्यांनी काकांचं नाव घातलं.

माझा आलेख देखणा झाला नाही. गुण बेताचे पडले. पण पास झाले, आणि मॅडमच्या हाताखाली तिथेच थोडं काम मिळालं. काका पुन्हा येऊ लागले. मी आता कागदाकडे बघूनच प्रश्न विचारायचे, तर टोमणा ठरलेला. "आता त पाह्यतही नाई वं ही. पास झाली ना!"

त्या तुकडीच्या सहाव्या आठवड्यात ते आले आणि चक्क खुर्चीवर बसले. "काल गाडीत बसलो," म्हणाले. "पाचगावपर्यंत गेलो. चहा पेलो. वापस आलो."

"दुखलं का?"

"दुखलं ना. दिघोरीपासूनच दुखलं. पन उतरलो नाई."

त्या दिवशी फॉर्मवर आकडा सहा होता. कडेला मी पाचगाव लिहिलं आणि त्याखाली एक रेघ ओढली.

पुढे मुलाची बदली पुण्याला झाली आणि काका त्याच्याबरोबर गेले. निघताना फुटाण्यांची पुडी माझ्या टेबलावर ठेवली, आणि "जेवत जाय टायमावर" एवढंच बोलले. तिथून अधूनमधून फोन यायचा. शेवटचा फोन यंदा रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आला. "पोरी, इथले स्टॉपच मले मालूम नाई. दुखनं सांगू कसं?"

"आपलेच सांगा ना काका."

"मंग लिव. कुही फाटा. पाचगावच्या पुढं."

फोन ठेवला, आणि तसाच गावी लावला. माझी आई तेवीस वर्षांपासून वाकून धान रोवते; एक बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, संपली की पुढची. तिची कंबर कशी आहे, हे मी दर आठवड्याला विचारते, आणि दर आठवड्याला ती बरी असते.

या वेळी मी तसं विचारलं नाही. "आई, आज कितव्या बांधीत बसावं लागलं?"

ती म्हणाली, "दुसरीतच बसली वं. औंदा पहिलीच्या पुढं कमर जातच नाई."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुह्या परीक्षा राहत ना."

फोनवर तिला माझा चेहरा दिसत नव्हता, ते बरं झालं. मी पेन्सिल घेतली. "सांग," म्हटलं, "मी लिहून घेते."