साठवणीची रजा

अवधूत देशकरचं घर लंडनच्या हाउन्सलोत, विमानतळाजवळ, विमानांच्या अगदी खाली. एखादं विमान चाकं खाली सोडून छपरावरून गेलं की घरातली बाकीची मंडळी बोलणं अर्धवट सोडतात आणि आवाज सरला की पुढे चालू करतात. अवधूत मात्र वर बघतो. नागपूरहून इथे थेट विमान येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, पण मन ऐकतं थोडंच!

कामाने तो सॉफ्टवेअर टेस्टर. नोकरी सोडून त्याने स्वतःची कंपनी काढली आणि कॉन्ट्रॅक्टवर कामं घ्यायला लागला. त्या कंपनीत मालक तोच, नोकरही तोच, आणि हा मालक महाचिकट निघाला. नोकराला त्याने कधी धड रजा दिली नाही. काम केलं तर त्या दिवसाचे पैसे, नाही केलं तर नाही, हे डोक्यात इतकं घट्ट बसलं की तिकीट बघायला घेतलं की अवधूतला आधी बुडणारे दिवस दिसायचे. मग 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणून लॅपटॉप मिटायचा. आईवडील होते तोवर निदान जाणं व्हायचं. ते गेले आणि तेही थांबलं. नागपुरात आता त्याची म्हणावी अशी एक मीनाक्षीताई उरली होती.

ताई दर भाऊबीजेला फोनच्या पडद्याला ओवाळायची. तिकडे दिवेलागण, इकडे लंचची वेळ. गेल्या भाऊबीजेला अवधूत क्लायंटच्या ऑफिसात रिकाम्या मीटिंग रूममध्ये कपाळ पुढे करून बसला आणि नेमकं चित्र अडकलं. आवाज तेवढा येत राहिला. ताई शेजारणीला सांगत होती, "राहू दे, मी चंद्रालाच ओवाळते. ज्यांना भाऊ नाही त्या तेच करतात ना." आवाजात राग नव्हता. राग असता तर परवडलं असतं. अवधूतचे डोळे भरून आले, आणि रूम आमच्या नावावर बुक आहे असं दारातून कुणी सांगेपर्यंत त्याला उठवेना.

ह्या जूनमध्ये नवं काम मिळालं. पण एजन्सीने सांगितलं, तुमची स्वतःची कंपनी इथे चालणार नाही, अंब्रेला कंपनीमार्फत या. म्हणजे मधल्या एका कंपनीची नोकरी धरायची. क्लायंटचे पैसे तिच्याकडे येणार, कर आणि स्वतःची फी कापून ती पगार देणार. एजन्सीला चालणाऱ्या दोन कंपन्यांचे आकडे अवधूतने शेजारी शेजारी मांडले. बायको, निवेदिता, मागून डोकावली.

"पहिली घे की. दर आठवड्याला जास्त येतंय हातात."

"तेच कळत नाहीये. फी दोघींची सेम आहे, मग ही जास्त देते कुठून?"

त्याने सरळ दुसऱ्या कंपनीला फोन लावला. तिथल्या बाईने आढेवेढे न घेता सांगितलं. अंब्रेलाच्या नोकराला पगारी रजा असते, तिचे पैसे क्लायंट त्याच्या कामाचे देतो त्यातूनच निघतात. पहिली कंपनी ते दर आठवड्याच्या पगारात घालते, म्हणून तिचा आकडा मोठा. "आम्ही ते तुमच्या रजेसाठी बाजूला ठेवू शकतो. पण बहुतेक लोक दर आठवड्यालाच घेतात."

अवधूतही तेच म्हणणार होता. पण हातात आलेला पैसा हप्त्यांत जिरतो आणि रजा तशीच राहते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

"बाजूला ठेवले आणि मी रजाच घेतली नाही तर?"

"तर वर्षाअखेरीला ते बुडू शकतात. म्हणून आम्ही लोकांच्या मागे लागतो, जा बाबा रजेवर."

अवधूतला हसू आलं. आजवर गेलं तर बुडायचं. आता न गेलं तर बुडणार होतं. त्याच्यासारख्या चिकट माणसाला घरी धाडायला दुसरा उपाय नव्हता.

"बाजूला ठेवा," तो म्हणाला.

निवेदिताने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जातोयस?"

"दिवाळीला."

"मग आधी ताईंना सांग."

त्याने फोन लावला. उत्साहाच्या भरात अंब्रेला, पगारी रजा, सगळं एका दमात सांगून टाकलं. "भाऊबीजेला मी तिथेच असेन, ताई. नक्की."

ताईने सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. तिकडच्या उकाड्याचं थोडं बोलली. मग म्हणाली, "अवधूत, एक करशील? तिकीट काढलं की मगच सांग मला. तोवर मी कुणाला काही बोलत नाही. लोक विचारतात रे, भाऊ येणार होता ना? मग मलाच तुझी बाजू घ्यावी लागते."

दर वर्षी ताई त्याची बाजू घेत आली होती, आणि त्याला ह्याचा पत्ताच नव्हता. त्याने लॅपटॉप पुढे ओढला.

"ताई, फोन ठेवू नकोस. आत्ता काढतो. थांब."

"थांबलेच आहे मी," ताई म्हणाली. "बघ सावकाश."