गोठ्याकडे गेलेलं भाषण

नागापूरच्या एमआयडीसीत मी दिवसभर लोकांचे काँप्युटर दुरुस्त करतो, त्यामुळे घरचं काही बिघडलं की माझी अब्रू पणाला लागते. नवा टीव्ही आला त्या आठवड्यात ती चार दिवस टांगणीला लागली होती.

वडील प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले त्याला तीन वर्षं झाली. निरोप समारंभात त्यांनी केलेल्या भाषणाचा व्हिडिओ घरात होता, पण मोबाईलवर त्यांना तो धड दिसायचा नाही, म्हणून त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आता मोठा टीव्ही आला, आणि रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर त्यांचे जुने विद्यार्थी जेवायला यायचे होते, दोघं तर थेट कोपरगावहून. त्यांच्यासमोर भाषण लागलंच पाहिजे, असं वडिलांनी मला बजावलं. जमेल ना, असं त्यांनी अशा सुरात विचारलं, की मला पाढे म्हणायला उभं केल्यासारखं वाटलं.

व्हिडिओ घरच्या काँप्युटरमध्ये होता. तिथून तो टीव्हीवर पाठवणारा प्रोग्राम मी बुधवारी टाकला, पण टीव्हीला काँप्युटर दिसेचना. मी टीव्ही बंद करून चालू केला, राऊटर बंद करून चालू केला आणि वडिलांच्या नजरेला नजर देणं टाळलं. तासाभरानं माझी ट्यूब पेटली. आमच्या काँप्युटरला नेटवर्कची दोन कार्डं आहेत. एक वायफायचं, टीव्हीही त्याच वायफायवर. दुसऱ्यात गोठ्यातल्या कॅमेऱ्याची वायर, कारण गाय गाभण होती आणि आईला घरात बसून तिच्यावर लक्ष ठेवायचं होतं. दोन्ही चालू असली की हा प्रोग्राम वायर धरायचा आणि टीव्हीला शोधायला गोठ्याकडे जायचा. मी वडिलांना म्हटलं, तुमचं भाषण सध्या गाईसाठी चालू आहे. ते हसले नाहीत.

मी वायर काढली, तशी टीव्हीवर व्हिडिओची यादी आली. आता रविवारीच सगळ्यांबरोबर बघू, म्हणून वडिलांनी तो लावू दिला नाही. गुरुवारी संध्याकाळी कामावरून आलो तर वायर परत जागेवर आणि टीव्ही कोरा. आईला गाय बघायची असेल, असं समजून मी ती गुपचूप काढली. शुक्रवारी पुन्हा तेच. शनिवारी मी लवकर घरी आलो आणि आईला वायर खोचताना रंगेहाथ पकडलं.

"गाय बघत हुते," ती म्हणाली.

गाय गुरुवारी रात्रीच व्याली होती. तिच्या चिकाचा खरवस मी त्या शनिवारी सकाळीच दोन वाट्या हाणला होता, आणि तो आईनंच वाढला होता. मी तसं म्हटल्यावर ती खुर्चीत बसली.

"पहिल्या रांगेत बसले हुते मी. त्यांनी शिपायाचं नाव घेतलं, खिचडीवालीचं घेतलं, शाळंच्या घंटेचंबी आभार मानले. इतकी वर्सं डबा कुनी बांधला, त्ये न्हाई आठवलं. आता पोरं येनार. त्यांच्या म्होरं परत त्येच ऐकू व्हय?"

तीन वर्षं ती हे कुणाला बोलली नव्हती, आणि मी तिला भोळी समजत होतो. वडिलांचा असा राग आला, की व्हिडिओच उडवून टाकावा असं क्षणभर वाटलं. मग त्याहून वात्रट गोष्ट सुचली. आईला म्हटलं, वायर राहू दे, उद्याचं माझ्यावर सोड. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जाऊन मी त्याला फक्त वायफाय धरायला लावलं. खरं तर हे बुधवारीच करायला हवं होतं. आता वायर लावलेली असली तरी टीव्ही चालणार होता. वडिलांना मी यातलं काही सांगितलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढल्या, आता एक स्वतःची काढू देत.

रविवारी जेवणं झाली. व्हिडिओ लागायच्या आतच आई गोठ्यात निघून गेली. टीव्हीवर भाषण सुरू झालं आणि शेजारच्या टेबलावर मी काँप्युटरवर गोठा लावून ठेवला. वडील भलतेच खुशीत होते. शिपाई झाला, खिचडी शिजवणाऱ्या मावशी झाल्या, घंटा आली तेव्हा विद्यार्थी हसले. मग टाळ्या वाजल्या आणि टीव्हीतले वडील खाली बसले. इकडे त्यांनी रिमोट घेतला आणि शेवट परत लावला. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांची नजर काँप्युटरकडे गेली. तिथे आई पाटीत शेण भरत होती.

ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. गुरुजी कुठे निघाले, असं एकानं विचारेपर्यंत ते काँप्युटरवर दिसायलाही लागले. त्या कॅमेऱ्याला आवाज नाही. हात मागे बांधून, वर्गात उभे राहायचे तसे ते आईसमोर उभे राहिले आणि बराच वेळ बोलत होते. आईनं मान वर केली नाही. त्यांचं बोलून झाल्यावर तिनं शेणानं भरलेली पाटी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

उपासनेचा पांढराशुभ्र सदरा तसाच अंगात होता. ती पाटी छातीशी धरून वडील मुकाट्यानं उकिरड्याकडे निघाले.