कोपराने दाबायची सॅनिटायझरची बाटली

मैत्रिणींनो, मी नर्स आहे. आज भोकरजवळच्या एका गावात आमच्या आशाताई सुनीतासोबत गेले होते. घरात सहा दिवसांचं, अगदी कमी वजनाचं बाळ.

बाळाला घेण्याआधी सुनीताने कमरेला अडकवलेल्या बाटलीची दांडी कोपराने दाबली. तळहातावर बारीक फवारा आला, तिने हात चोळले. बाटलीला बोटसुद्धा लागलं नाही!

तेवढ्यात बाळाची आजी शेतातून आली. हात धुऊन तिने ते सुनीतापुढे धरले. "माझ्या हातावर बी मार, बाई."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "ही कुठून आणलीस गं?"

"म्याच बनवली, मॅडम. अर्धापूरचे सलीमचाचा फवारणीचे पंप दुरुस्त करतात, त्यांनी नोझल बसवून दिलं. पहिल्या तीन बाटल्या लई गळल्या. हिचं तोंड मोठं हाय, संपलं की पुन्हा भरायचं."

"पण सुचलं कसं?"

"मागल्या साली माझ्याकडचं एक लेकरू इन्फेक्शननं गेलं. तवापासून डोक्यात होतं."

मी वीस वर्षं हातांच्या स्वच्छतेवर भाषणं देतेय. मला हे सुचलं नाही.

तुमच्या गावात असं काही बनवणारं कुणी आहे का? खाली नक्की लिहा. अशी माणसं सगळ्यांना माहीत व्हायला हवीत.