मंजुळाबाईनं दार अडवलं

शिरपूरकडची मंजुळाबाई आमलीच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांसाठी खानावळ चालवते. तिचा नवरा झिपरू इथल्याच एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर होता. मलेरियानं फणफणलेला असताना ठेकेदाराच्या माणसानं त्याला अंथरुणातून ओढून नेलं. मशीनपुढं अंधारी आली, प्रेस खाली आला आणि पत्र्याबरोबर उजवा पंजा तुटला. मशीन बंद, ऑर्डर गेली, आख्खी लाइन घरी बसली. जखम चिघळून झिपरू मेला. बाई पोळ्या लाटायला लागली.

परवा सकाळी ठेकेदाराचा माणूस विकी खानावळीमागच्या कामगारांच्या खोल्यांच्या दारांवर लाथा घालत आला. कामगार भरलेला टेम्पो बाहेर उभाच.

"ए वाळू, ऊठ बे! लाइन रिकामी पडलीय!"

"डेंग्यू आहे त्याला," मंजुळाबाई म्हणाली.

"अर्ध्या चाळीला आहे, मावशी. मग काय, कंपनी दवाखान्यात हलवू?"

वाळू भिंत धरून उभा राहिला. "जातो मावशी. नाहीतर उद्या गेटातून आत घेणार नाहीत."

"कोनत्या मशीनवर?"

"प्रेसवर."

बाईनं हातातलं लाटणं त्याच्या खांद्यावर हाणलं. वाळू खाटेवर कोसळला. "झिपरूबी असाच उभा राह्यला होता!" तिनं दार ओढलं, कुलूप घातलं, चावी पोलक्यात टाकली.

"चावी दे." विकीनं तिचा हात पिरगाळला. ती त्याच्या मनगटाला चावली, रक्त निघेपर्यंत. त्यानं तिचं डोकं दारावर आपटलं. भुवई फाटली.

आतून वाळू ओरडला, "मावशी, उघड! मारून टाकील तो तुले!"

"गप झोप तू!"

आणि लाटणं विकीच्या तोंडावर बसलं. दात तुटला. त्यानं बाईच्या पोटात लाथ घातली. ती वाकली, पण दाराला लावलेली पाठ हलली नाही.

टेम्पोतून भास्कर उतरला. वाळूचा खोलीसोबती. "मलेबी कालपासून ताप आहे. मी नाही येत." त्याच्यामागं दुसरा उतरला, मग सगळेच. विकीभोवती माणसं गोळा झाली तसा तो मागं सरकला. तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला.

"नाय सेठ," विकी रक्त थुंकत म्हणाला, "आज कोणीच नाय. लाइन बंद."

"भास्कर, रिक्षा आण," मंजुळाबाई म्हणाली. "वाळूला दवाखान्यात न्यायचंय."

"आधी तुमच्या डोक्याला टाके—"

"आधी तो."

रिकामा टेम्पो नजरेआड झाल्यावरच तिनं कुलूप काढलं.